कांडेचोराचा जमाखर्च

ज्या प्राण्याच्या नांवांतच आपण ‘चोर’ हा शब्द घालून ठेविला आहे, त्यास न्याय मिळणें कठीण, हें उघड आहे. आरोप, साक्ष, निकाल आणि शिक्षा हीं सर्व त्या एका नांवांतच उरकलेलीं असतात. ज्यास कोणी कांडेचोर म्हणतात, कोणी उदमांजर, कोणी ताडमांजर, आणि खेड्यापाड्यांत भीतीनें मसण्याऊद असेंही म्हणतात, त्या प्राण्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आज योजिलें आहे. शेतकीच्या मासिकांत रानच्या जनावराची कथा कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु जो प्राणी आपल्याच आंब्याच्या ढोलींत राहतो, आपल्याच धुऱ्यावरून रात्रीं हिंडतो, आणि ज्याचा जीव घेण्याचा हुकूम आपण सालगड्यास सहज देऊन जातों, त्याचा हिशेब एकदां नीट मांडून पाहणें हें शेतकऱ्याचेंच काम होय. तो हिशेब न मांडतां मीं एकदां निकाल दिला, म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

गोष्ट थोडक्यांत अशी. कांहीं वर्षांपूर्वीं आंबिया बहाराच्या दिवसांत माझ्या काटोलकडील बागेंत रोज सकाळीं पिकावर आलेलीं संत्रीं झाडांखालीं गळून पडलेलीं दिसूं लागलीं. विहिरीच्या कठड्यावर बियांनीं भरलेली विष्ठा आढळे. राखणदारानें एका रात्रीं बत्तीच्या उजेडांत लांब शेपटीचा एक काळसर प्राणी आंब्यावर चढतांना पाहिला. झालें, साक्षीपुरावा पुरा झाला! त्याच सुमारास कोठ्यांत उंदीर माजले होते. त्यांच्यासाठीं आणलेलें विष कणकेच्या गोळ्यांत घालून मीं धुऱ्यावरही ठेवविलें. एक पंथ दो काज, असा माझा विचार. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कांडेचोराची मादी आंब्याच्या बुंध्याशीं मरून पडलेली सांपडली. तिच्या अंगावर दूध होतें. त्यानंतर दोन रात्रीं ढोलींतून बारीक आवाज येत राहिला. तो कसला, हें आम्हांस उमगेपर्यंत तीन पिलांपैकीं एक मरून गेलें होतें. उरलेलीं दोन वनखात्याच्या माणसांच्या स्वाधीन केलीं.

आणि फळगळ? ती होती तशीच चालू राहिली. पुढें एका जाणत्या शेतकी कामगारानें मला रात्रीं बत्ती घेऊन बागेंत नेलें, तेव्हां खरा चोर कोण, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें. तो कोण, हें पुढें येईलच. आधीं आरोपीची ओळख करून घेऊं.

हा प्राणी मांजर नव्हे आणि ऊदही नव्हे. ऊद पाण्यांत राहून मासे धरणारा, हा झाडावर राहून फळें खाणारा. शास्त्रज्ञ त्यास व्हायव्हेरिडी नांवाच्या निराळ्या कुलांत घालतात, आणि नात्यानें तो मांजरापेक्षां मुंगसाला अधिक जवळचा आहे. आकारानें घरच्या बोक्याएवढा, वजनानें सुमारें दोन ते पांच किलो. शरीर दीड-पावणेदोन फूट लांब आणि शेपटी जवळजवळ तेवढीच. अंगाचा रंग राखट, केस भरड, पाठीवर काळ्या रेषा व बाजूंस ठिपक्यांच्या ओळी, पाय काळे, तोंडावर काळा मुखवटा चढविल्यासारखा पट्टा आणि डोळ्याखालीं पांढरा डाग. शेपटीवर कडीं नसतात, ही खूण ध्यानांत ठेवावी. कारण याचाच एक भाऊबंद, ज्यास जवादी मांजर किंवा कस्तुरी मांजर म्हणतात, तो बहुधा जमिनीवरच हिंडतो आणि त्याच्या शेपटीवर काळीं-पांढरीं कडीं असतात. अत्तरवाले ज्या जवादीचा उपयोग करीत आले, ती त्या दुसऱ्याची. दोघांस एकच समजून एकाचे गुणदोष दुसऱ्यावर लादण्याची चूक नेहमीं होते.

कांडेचोराचीं नखें मांजराप्रमाणें बरींचशीं आंत ओढलीं जातात, पायाचीं मधलीं दोन बोटें कांहींशीं जुळलेलीं असतात आणि तळवा उघडा असतो. त्यामुळें सरळसोट खोडावर चढणें त्यास सोपें जातें. जबड्यांत दांत चाळीस. मांस फाडण्याच्या दातांबरोबर फळें चुरण्याच्या रुंद दाढाही त्याला आहेत, आणि त्या दाढांवरूनच त्याच्या पोटाचा कल कळून येतो.

त्याचें शास्त्रीय नांव १७७७ सालीं पॅलास नांवाच्या जर्मन पंडितानें ठेविलें. नर आणि मादी या दोघांसही शेपटीखालीं वासाच्या ग्रंथि असतात, आणि त्या वरून नराच्या अंडासारख्या दिसतात. एवढ्यावरून हा प्राणी एकाच अंगीं नर व मादी आहे अशी समजूत झाली आणि ‘हर्माफ्रोडायटस’, म्हणजे अर्धनारीनटेश्वरासारखा, असें नांव त्यास कायमचें चिकटलें. समजूत खोटी ठरली, नांव मात्र राहिलें. तेव्हां आमच्याकडील नांवानें त्यास चोर ठरविलें, तर विलायती नांवानें त्याची जातच चुकविली. नांवाच्या बाबतींत या प्राण्याचें दैव खोटें, दुसरें काय?

या ग्रंथींचा वासही मोठा चमत्कारिक असतो. बंगाल्यांत त्यास गंधगोकुळ म्हणतात आणि तेथील लोक सांगतात कीं, तो जवळून गेला म्हणजे सुगंधी तांदूळ शिजत असल्यासारखा वास येतो. घाबरला किंवा कोंडींत सांपडला म्हणजे मात्र तो उग्र घाण सोडतो. शत्रूस दूर ठेवण्याचें त्याचें शस्त्र तेंच.

आपल्या नागपूर भागाशीं या प्राण्याच्या अभ्यासाचा जुना संबंध आहे. शिवनीस नोकरी केलेल्या स्टर्नडेल साहेबानें १८८४ सालीं हिंदुस्थान व सिलोन येथील सस्तन प्राण्यांवर जो ग्रंथ छापला, त्यांत या कुलाचें वर्णन आहे. त्याच्या अगोदर १८६७ सालीं जर्डन याचा ग्रंथ निघाला होता. पश्चिम घाटांतील तपकिरी कांडेचोर आज जर्डनच्याच नांवानें ओळखला जातो. म्हणजे परदेशांतून आलेल्या माणसांनीं दीडशें वर्षांपूर्वीं ज्याची विचारपूस केली, त्यास आपण आपल्याच बागेंत अजून ओळखत नाहीं.

हा प्राणी एकलकोंडा. दिवसां ढोलींत, दाट फांद्यांच्या बेचक्यांत किंवा घराच्या माळ्यावर निजून राहतो आणि सूर्यास्तानंतर बाहेर पडतो. नेपाळांतील चितवनच्या रानांत जोशी, स्मिथ व कथबर्ट या संशोधकांनीं त्याच्या हालचाली पाहून १९९५ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यावरून असें दिसतें कीं, तो सायंकाळपासून पहाटे चार वाजेपर्यंत हिंडतो व चांदण्या रात्रीं बाहेर पडणें कमी करतो. उजेडांत आपण मोठ्या श्वापदाच्या नजरेस पडूं, हें त्यास कळतें. मादी सुमारें दोन महिन्यांनीं विते, एका वेतास दोन ते पांच पिलें होतात, आणि तीं सुमारें वर्षभरांत वयांत येतात. हिंदुस्थान व श्रीलंकेपासून थेट इंडोनेशिया आणि फिलिपीन्स बेटांपर्यंत त्याची वस्ती आहे. माणसाच्या वस्तीस तो फारसा बुजत नाहीं. जुनीं झाडें, कौलारू घरें आणि फळांची सोय असली कीं शहरांतही तो सुखानें नांदतो.

आतां खर्चाची बाजू पाहूं, कारण शेतकऱ्याचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पहिलें कलम संत्र्याचें. भोंसल्यांच्या अमदानींत तेव्हांच्या औरंगाबादेकडून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराकडून, नागपुरास आलेलें हें झाड आज आपल्या भागाचें वैभव आहे, आणि २०१४ सालीं नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या वैभवावर रात्रीं घाला पडला, तर शेतकरी चिडणारच. परंतु आंबिया बहाराच्या फळांची पक्व होतांना जी गळ होते, तिचें एक मोठें कारण रसशोषक पतंग हें आहे. हा मोठा, पिवळसर मागील पंखांचा पतंग सांज पडतांच बागेंत येतो, बळकट सोंडेनें सालीस सुईच्या टोंकाएवढें भोंक पाडतो आणि रस शोषतो. त्या भोंकांतून कुजविणारे जंतु आंत शिरतात, भोंकाभोंवतीं तपकिरी वर्तुळ पडतें आणि थोड्याच दिवसांत फळ गळतें. याच्या अळ्या संत्र्यावर नव्हे, तर गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर वाढतात. म्हणून सकाळीं फळ खालीं दिसतें, आणि पतंग मात्र दिसत नाहीं. मीं त्या रात्रीं बत्तीच्या उजेडांत फळाफळावर बसलेले, लाल ठिणगीसारखे डोळे चमकणारे जे जीव पाहिले, ते हे पतंग. ज्या मादीस मीं विष घातलें, तिचा त्या गळीशीं कांहीं एक संबंध नव्हता.

कांडेचोर संत्रें मुळींच खात नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोणी खाल्लें, हें फळावरच लिहिलेलें असतें आणि तें वाचण्यास शिकलें पाहिजे. सुईएवढें भोंक व त्याभोंवतीं कुजलेलें वर्तुळ, हें पतंगाचें काम. चोंचीनें पाडलेला खड्डा पक्ष्याचा. कडेनें बारीक कुरतडल्याच्या खुणा उंदराच्या किंवा खारीच्या. झाडाखालीं चावून टाकलेला चोथा वटवाघळाचा. सालीचे व फोडींचे तुकडे इतस्ततः, फांद्या मोडलेल्या, आणि हें सर्व दिवसां झालेलें असेल, तर वानरांचें. कांडेचोर पिकलेलें मऊ फळ बहुधा बियांसकट गिळतो आणि त्या बिया धुऱ्यावर, दगडावर, कठड्यावर सोडून जातो. त्याचा गुन्हा असा उघड्यावर पडतो, म्हणून तोच पकडला जातो. ज्यांचा गुन्हा दिसत नाहीं, ते सुटतात.

दुसरें कलम पेरू, पपई, चिकू, केळीं व आंबे यांचें. हें कलम खरें आहे. पिकलेलें फळ त्यास आवडतें, आणि ज्याचीं घरापुरतीं चार झाडें आहेत त्यास तें नुकसान जाणवतें. त्याचप्रमाणें शिंदी व ताड यांच्यावर लावलेल्या मडक्यांतील रस तो पितो. इंग्रजींत त्यास ताडीचें मांजर अशा अर्थाचें नांव पडलें तें यामुळेंच. परंतु तो एकटा हिंडणारा प्राणी आहे. कळपानें येऊन एका रात्रींत वावर झोपविणारें रानडुक्कर किंवा हरभरा तुडविणारे रोही यांच्या रांगेंत त्यास बसविणें म्हणजे पाकीटमारास दरोडेखोराची शिक्षा देणें होय.

तिसरें कलम कोंबड्यांचें, आणि तें सर्वांत जड. खुराड्याचें दार सैल असेल, तर कांडेचोर आंत शिरतो व कोंबडी नेतो, हें आम्हांस कबूल आहे. ज्या घरची बाई अंडीं विकून मुलांच्या वह्या घेते, तिला निसर्गाचा समतोल सांगण्यास जाणें हा उद्दामपणा होय. तिची कोंबडी राहिली पाहिजे, हें पहिलें. ती कशी राहील, हें पुढें सांगतों.

चौथें कलम मसणवटीचें. पुरलेलीं प्रेतें तो उकरतो, अशी समजूत आहे आणि मसण्याऊद हें नांव त्या समजुतीचेंच. हिंदी मुलुखांत कबरबिज्जू हें एकच नांव कांडेचोरासही देतात आणि चांदी अस्वल म्हणून जो जाड नखांचा, बिळें खोदणारा निराळा प्राणी आहे, त्यासही देतात. कांडेचोराची नखें झाडावर चढण्याचीं आहेत, माती उकरण्याचीं नाहींत. मसणवटींत तो दिसतो, याचें कारण साधें आहे. गांवांतील वड, पिंपळ, चिंच आणि जांभूळ यांचीं न तोडलेलीं झाडें बहुधा तेथेंच उरलेलीं असतात. जेथें फळ आणि ढोली, तेथें तो. हें कलम आम्ही हिशेबांतून सरळ खोडून टाकतों.

आतां जमेची बाजू.

तो फळांबरोबर उंदीर, घुशी, सरडे, किडे आणि गोगलगायीही खातो. वर्षांत किती उंदीर मारतो, याचा आंकडा देऊन आम्ही लेख सजविणार नाहीं. परंतु जो उंदीर धान्याच्या कोठींत, उसाच्या बुडख्यांत आणि हरभऱ्याच्या वावरांत रात्रीं फिरतो, त्यास रात्रींच गांठणारे पहारेकरी थोडे. घुबड, साप, रानमांजर आणि हा. यांपैकीं प्रत्येकास आपण अपशकुनी, विषारी किंवा चोर ठरविलें, आणि मग उंदरांसाठीं दुकानांतून विष आणलें. बिनपगारी राखणदार मारावयाचा व पगारी ठेवावयाचा, हा कोणता संसार?

दुसरी जमा बियांची. याच्या जातभाईचा, पश्चिम घाटांतील तपकिरी कांडेचोराचा अभ्यास तामिळनाडूंतील कळकाड-मुंडनथुराईच्या अरण्यांत दिव्या मुदप्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला व तो २०१० सालीं प्रसिद्ध केला. त्याचा आहार मुख्यत्वें फळांचा असून बिया न मोडतां बाहेर पडतात व त्या मूळ झाडापासून दूर नेल्या जातात, असें त्यावरून दिसून आलें. आपल्याकडील कांडेचोरही उंबर, वड, जांभूळ व शिंदी यांचीं फळें खाऊन त्याच रीतीनें बिया पसरवितो. यांतही अतिशयोक्ति नको. दगडावर व कठड्यावर टाकलेल्या पुष्कळ बिया वायां जातात. परंतु ज्या धुऱ्यावरच्या फटींत, नाल्याच्या कडेस किंवा कुंपणाच्या आडोशास पडतात, त्यांतून कांहीं रुजतात. आपल्या धुऱ्यावरचें उंबराचें वा जांभळीचें झाड कोणीं लाविलें, हें आजोबांस विचारलें तर ते म्हणत, ‘आपोआप आलें.’ या आपोआपामागें बहुतेक वेळां एक पोट असतें. पक्ष्याचें, वटवाघळाचें, किंवा याचें. मजूर न लावतां, खड्डा न खणतां, पैसा न देतां झालेलें हें वृक्षारोपण आहे.

यावर एक आक्षेप येईल, व तो विचार करण्याजोगा आहे. एक शेजारी मला म्हणाले, ‘बुवा, जमा झाली सर्व गांवाची, आणि खर्च पडला माझ्या खुराड्यावर. हा हिशेब मीं कां सोसावा?’ प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, खर्च टाळण्याचा उपाय जर जीव घेण्याहून स्वस्त असेल, तर तो न करणें हा शेतकऱ्याचाच आळस ठरतो. कोंबड्यांचा खर्च खुराडें दुरुस्त केल्यानें टळतो, कांडेचोर मारल्यानें टळत नाहीं. एक मारला तर मोकळ्या झालेल्या जागेंत दुसरा येतो, किंवा त्याच सैल दारांतून मुंगूस व भटकें मांजर शिरतें. दार दुरुस्त झालें म्हणजे सर्वच बाहेर राहतात. विष स्वस्त वाटतें, कारण त्याचा पुढचा खर्च आपण वहींत लिहीत नाहीं. तें मेलेल्या मादीच्या पिलांस, राखणीच्या कुत्र्यास, आणि एखादे वेळीं अंगणांत खेळणाऱ्या लेंकरासही भोगावें लागतें.

तेव्हां पुढील गोष्टी सभासद बंधूंनीं कराव्या, अशी विनंती आहे.

खुराड्याचें दार दिवेलागणीपूर्वीं बंद करावें व त्यास नुसती दोरी न बांधतां पक्की कडी घालावी. सैल ताटीऐवजीं अर्धा इंच भोंकाची तारेची जाळी लावावी आणि तीच छपरालाही असावी, कारण हा प्राणी वरून येणारा आहे. खुराड्यावर टेकलेल्या फांद्या छाटाव्या.

माळ्यावर त्यानें घर केलें असल्यास धूर करून किंवा काठ्या घेऊन हुसकूं नये. तो रात्रीं बाहेर पडल्यावर त्याची वाट बुजवावी. मात्र आधीं पिलें नाहींत याची खात्री करावी. पिलें असल्यास दोन-तीन महिने धीर धरावा. पिलें मोठीं होऊन निघून गेलीं म्हणजे वाट बंद करणें सोपें व निर्दोष.

उंदरांचें विष उघड्यावर, धुऱ्यावर किंवा झाडाखालीं कदापि ठेवूं नये. सायंकाळीं सर्व बिळें मातीनें बुजवावीं. सकाळीं जीं उकरलेलीं दिसतील तींच चालू बिळें होत. आमिष त्याच बिळांत खोल घालून तोंड पुन्हां बुजवावें, आणि मेलेले उंदीर वेंचून खोल पुरावे. मीं हें केलें असतें, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

संत्र्याच्या बागेंत गळलेलीं फळें रोज वेंचून नष्ट करावीं, कारण त्यांच्या वासानें पतंग येतात. सायंकाळीं बागेंत धूर करावा आणि बागेभोंवतींच्या ज्या रानवेलींवर पतंगाच्या अळ्या वाढतात, त्या काढाव्या. अधिक माहितीसाठीं नागपुरांत १९८५ सालीं स्थापन झालेली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिचा सल्ला घेण्यास संकोच नको.

धुऱ्यावरचीं जुनीं, पोकळ झाडें केवळ जळणासाठीं तोडूं नयेत. ढोली हें कांडेचोराचें घर, तसेंच घुबडाचें व पोपटाचेंही. एक पोकळ आंबा तोडला म्हणजे उंदरांवरचे दोन-तीन पहारेकरी एकदम घरावांचून होतात.

जखमी प्राणी किंवा आई मेलेलीं पिलें आढळल्यास घरीं पाळण्याचा मोह धरूं नये. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. शिवाय नागपुरांत सेमिनरी हिल्स येथें जखमी वन्य प्राण्यांवर उपचार करणारें वनखात्याचें केंद्र आहे. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन पिसाळ रोगाची लस घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास संरक्षण आहे. त्यास मारणें, पकडणें, कोंडून ठेवणें किंवा विकणें हा गुन्हा होय. मला दंड झाला नाहीं, तो केवळ कोणी विचारलें नाहीं म्हणून. पण त्यानें गुन्हा लहान होत नाहीं.

कोंडण्याचा उल्लेख मुद्दाम केला. जावा, सुमात्रा या बेटांत डच लोकांच्या अमलांत कॉफीच्या मळ्यांतील मजूर कांडेचोराच्या विष्ठेंतून कॉफीच्या बिया वेंचून, धुऊन, भाजून पीत. पुढें ती कॉफी जगांतील महागड्या पेयांत गणली गेली, आणि तिच्या लोभानें हे प्राणी अरुंद पिंजऱ्यांत कोंडून त्यांस केवळ कॉफीचीं फळें चारण्याचा धंदा निघाला. आपल्या विदर्भांतही चिखलदऱ्यास कॉफी होते. कोणा हिकमती माणसाच्या डोक्यांत तसली कल्पना आल्यास ती तेथेंच थांबावी. तसेंच रानचे प्राणी बाजारांत कोंबून विकल्यानें काय होतें, हेंही जगानें पाहिलें आहे. २००२-०३ सालीं चीनमध्यें सार्स नांवाचा जो फुप्फुसाचा रोग पसरला, त्याचे विषाणु तेथील बाजारांत विकल्या जाणाऱ्या या कुलांतील दुसऱ्या एका जातीच्या प्राण्यांत सांपडले. पुढें मूळ वटवाघळांत असल्याचें दिसलें. प्राण्याचा दोष नव्हता, पिंजऱ्याचा होता. रानांत व झाडावर हिंडणारा कांडेचोर कोणास रोग देण्यास येत नाहीं. त्यास हातांत धरण्यास व शिजविण्यास आपण जातों.

बंधूंनो, शेतकरी हा हिशेबी माणूस. बैल विकत घेतांना त्याचे दांत पाहतो, बी घेतांना मुठींत घेऊन तपासतो. परंतु रात्रीं हिंडणाऱ्या जीवाच्या बाबतींत तो नांव ऐकतो व काठी उचलतो. आपल्या संस्थेच्या येत्या सभेंत उंदरांच्या बंदोबस्ताचा विषय निघेल, तेव्हां विष किती आणावयाचें, याबरोबर तें कोठें घालावयाचें नाहीं, याचाही ठराव व्हावा, अशी माझी सूचना आहे. खुराड्यांची जाळी एकत्र खरेदी करून गरजू सभासदांस कमी दरांत देतां आली, तर कोंबडीही वांचेल आणि कांडेचोरही.

माझा हिशेब मला उशिरां कळला. ती मादी ज्या आंब्याखालीं पडली, त्याच्या ढोलींत अद्याप कोणी राहण्यास आलेलें नाहीं. सायंकाळीं बागेंतून परततांना मी त्या ढोलीकडे पाहतों. ज्यांच्या झाडावर ती अजून भरलेली आहे, त्यांनीं ती भरलेली राहूं द्यावी, एवढेंच सांगणें आहे.